सायकल शर्यतीच्या टप्प्याचा आगाऊ अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील आमच्या गावात दर जुलैत रात्री नऊच्या सुमारास वाचनालयाच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसे जमतात आणि टूर द फ्रान्सचा त्या दिवसाचा टप्पा संपताना पाहतात. तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, आणि इकडे डवरणीहून आलेल्या माणसांची जेवणे आटोपलेली असतात. मी शाळेत गणित शिकवतो. टप्पा सुरू होण्याआधी कोण जिंकेल याचा अंदाज कसा बांधायचा, हे गेली काही वर्षे मी या मंडळींबरोबर बसून शिकत आलो आहे. शेजारच्या गावांतील तरुण आणि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. सट्ट्याविषयीचे प्रश्नही त्यांत आहेत, कारण तेच सर्वाधिक विचारले जातात.

टप्पा म्हणजे नेमके काय, आणि त्याचा विजेता आधी ओळखता येतो का?

टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. आज तिच्यात २१ टप्पे आणि विश्रांतीचे २ दिवस असतात. प्रत्येक टप्प्याला स्वतःचा विजेता असतो, आणि सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो संपूर्ण शर्यतीचा विजेता ठरतो. प्रत्येक संघात ८ सायकलपटू असतात. २०२५ मध्ये २३ संघ होते, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर १८४ माणसे उभी होती.

आमच्याकडच्या माणसाला शर्यत म्हटली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवते. पटात जोडी स्वतःसाठी धावते, धुरकरी तिला जीव तोडून पळवतो आणि घड्याळ निकाल देते. सायकलच्या टप्प्यात मात्र त्या १८४ जणांपैकी बहुतेकांना त्या दिवशी जिंकायचेच नसते. कोणी आपल्या नेत्याला वाऱ्यापासून आडोसा देत असतो, कोणी त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणत असतो, तर कोणी उद्याच्या घाटासाठी पाय राखून ठेवत असतो. म्हणून अंदाज बांधताना आम्ही ‘सर्वांत बलवान कोण?’ हा प्रश्न शेवटी विचारतो. आज कोणाला जिंकायचे आहे आणि पुढे पळालेल्यांचा पाठलाग करण्याचे कष्ट कोणता संघ घेणार, हे दोन प्रश्न आधी येतात. या दोहोंचे उत्तर मिळाले की १८४ नावांतून पंधरा-वीस नावे उरतात. त्यापुढे खात्री कधीच नसते.

अभ्यासाला सुरुवात कशापासून करावी?

टप्प्याच्या उंचीच्या आलेखापासून. आयोजक प्रत्येक टप्प्याचा आलेख आधी प्रसिद्ध करतात. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर उंची असते. दोन्ही अक्षांची मापे वेगवेगळी असल्यामुळे चित्रात प्रत्येक टेकडी करवतीच्या दात्यासारखी दिसते, आणि नवीन माणूस तिथेच फसतो. म्हणून चित्र बाजूला ठेवून आकडे लिहून काढावेत. चढलेली उंची भागिले अंतर, गुणिले शंभर, म्हणजे चढाची टक्केवारी. सातवीचे गणित आहे.

आमच्या मुलांना मी परतवाडा ते चिखलदरा हा रस्ता उदाहरण म्हणून देतो. सुमारे ३० किलोमीटरच्या त्या वाटेने आपण ढोबळमानाने सातशे ते साडेसातशे मीटर वर जातो, म्हणजे सरासरी चढ अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. एवढ्याशा चढानेही भरल्या सायकलवर आपली दमछाक होते. आल्प द्युएझ हा प्रसिद्ध घाट १३.८ किलोमीटरचा असून त्याची सरासरी ८.१ टक्के आहे. म्हणजे आपल्या निम्म्याहून कमी अंतरात ते अकराशे मीटरहून अधिक चढतात, आणि तेही बहुधा दिवसभरात दोन घाट ओलांडून झाल्यावर.

सरासरीही फसवी असते. एखादा घाट मध्येच सपाट होतो आणि मग अकरा टक्क्यांवर उभा राहतो. सरासरी मात्र सात दाखवते. म्हणून आम्ही आलेख कागदावर एकेक किलोमीटरचा चढ स्वतंत्र काढतो. तो काढताना हाताला जे कळते, ते छापील चित्र पाहून कळत नाही, असा माझा अनुभव आहे. घाट कुठे आहे हेही तितकेच महत्त्वाचे. तोच घाट शेवटच्या रेषेवर संपत असेल तर चढणारा जिंकतो, आणि शेवटापासून ६० किलोमीटर आधी असेल तर मागे राहिलेल्यांना परत येऊन गाठण्यास वेळ मिळतो.

घाटांच्या श्रेणी कशा वाचाव्यात?

चौथी श्रेणी सर्वांत सोपी, पहिली अवघड, आणि तिच्याही वर श्रेणीबाह्य घाट. ही श्रेणी ‘डोंगरांचा राजा’, म्हणजे घाटांवरचा सर्वोत्तम सायकलपटू, ठरवण्याच्या गुणांसाठी असते. अंदाजासाठी वर सांगितलेले आकडेच पाहावेत.

सपाट टप्पा असेल तर सर्वांत वेगवान माणूसच जिंकेल, असे धरावे का?

अनेकदा तसेच होते, पण ते आपोआप होत नाही. सपाट रस्त्यावर ताशी ४५ ते ५० किलोमीटर वेगाने जाताना सायकलपटूची जवळजवळ सगळी शक्ती हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे चिकटून राहणाऱ्याची मोठी बचत होते, आणि मोठ्या जथ्याच्या पोटात दडलेल्या माणसाला तर एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत हवेचा अगदी थोडा अडथळा सोसावा लागतो. म्हणून वेगवान माणसाला, ज्याला सर्वत्र स्प्रिंटर म्हणतात, शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत आडोशात आणून सोडणारे सहकारी लागतात. त्या सहकाऱ्यांपैकी एक जरी आदल्या दिवशी पडला असेल, तर स्प्रिंटरच्या नावापुढचा शक्यतेचा आकडा मी कमी करतो.

शेवटचे तीन किलोमीटर नकाशावर बोट फिरवून पाहावेत. वर्तुळाकार चौक किती आहेत, शेवटचे वळण रेषेपासून किती मीटरवर आहे, रस्ता अरुंद होतो का, किंचित चढ आहे का, हे सगळे पाहावे. वळण शेवटाजवळ असेल तर वळणात पहिल्या तीनांत असलेला माणूस जिंकण्याची शक्यता वाढते, आणि मागून येणाऱ्या अधिक वेगवान माणसाला रस्ताच उरत नाही.

जथा पळालेल्यांना कधी पकडेल याचा एक जुना ठोकताळा फ्रेंच समालोचक रॉबेर शापात यांच्या नावाने ओळखला जातो: दर १० किलोमीटरला पळालेल्यांची आघाडी साधारण एक मिनिटाने घटवता येते. हा नियम कुठवर ताणला जातो, हे १३ जुलै २०२५ च्या शातोरूच्या टप्प्यात पाहायला मिळाले. माथ्यू व्हान डेर पूल आणि त्याचा सहकारी योनास रिकार्ट हे दोघे सुरुवातीलाच निघाले आणि सुमारे १७४ किलोमीटरच्या त्या सपाट टप्प्यात जवळपास सगळे अंतर पुढे राहिले. रिकार्ट शेवटच्या काही किलोमीटरांत मागे पडला. व्हान डेर पूल एकटाच दामटत राहिला आणि रेषेपासून एक किलोमीटरहूनही कमी अंतरावर पकडला गेला. टिम मर्लियरने टप्पा जिंकला, म्हणजे कागदावर आमचा अंदाज बरोबर ठरला; पण त्या रात्री ओसरीवर मर्लियरचे नाव कोणी घेतले नाही. सगळे व्हान डेर पूलविषयीच बोलत घरी गेले.

वाऱ्याकडे एवढे लक्ष का द्यायचे?

माझ्या मते सपाट टप्प्याच्या अंदाजात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबले आहे.

समोरून वारा असेल तर पुढे पळालेल्यांचे हाल होतात आणि जथा निवांत राहतो. पाठीमागून असेल तर वेग वाढतो, आणि पळालेल्यांना पकडणे अवघड होते. खरा धोका आडव्या वाऱ्याचा. वारा डावीकडून आला की आडोसा मागे न मिळता मागे-उजवीकडे मिळतो. त्यामुळे सायकलपटू रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग करतात. रस्त्यावर दहा-पंधरा माणसांचीच तिरकी रांग मावते. सोळाव्याला आडोसा मिळत नाही, तो रस्त्याच्या कडेला एकटा वारा खात राहतो आणि काही मिनिटांत तुटतो. मग त्याच्या मागचे सगळेच तुटतात. या तिरक्या रांगेला एशलॉन म्हणतात.

५ जुलै २०२५ रोजी लिल शहरातून निघून लिललाच परतणाऱ्या पहिल्याच टप्प्यात हे घडले. आलेख पाहिला तर तो स्प्रिंटरांचा सरळ दिवस होता, आणि स्प्रिंटर यास्पर फिलिप्सननेच तो जिंकला. पण शेवटच्या वीसेक किलोमीटरांत आडव्या वाऱ्यात जथा फुटला, आणि रेम्को एव्हेनेपूल व प्रिमोझ रोग्लिच हे एकूण विजयाचे दावेदार ३९ सेकंद मागे पडले. पोगाचार आणि विंगेगोर हे सर्वांत मोठे दोन दावेदार मात्र पुढच्या गटात होते. फक्त आलेख पाहून अंदाज करणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते.

आमच्याकडचा शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी धुऱ्यावर उभा राहून चिमूटभर माती हवेत सोडतो आणि वारा कोणीकडून आहे ते पाहतो. टप्प्याचेही तसेच करावे. हवामानाच्या संकेतस्थळावरून दुपारी चार ते साडेपाच या तिकडच्या वेळेतला वारा किती आणि कोणत्या दिशेचा आहे ते घ्यावे आणि नकाशावर बाणाने काढावे. नंतर रस्ता त्या बाणाला कुठे काटकोनात छेदतो ते पाहावे. त्या जागी दोन्ही बाजूंना उघडी वावरे असतील तर धोका आहे. झाडांची रांग, गाव किंवा खोलगट रस्ता असेल तर नाही. एक सूचना: ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. बाण उलटा काढल्यामुळे आमचा पूर्ण अंदाज एकदा उलटा झाला होता.

पुढे पळालेला गट शेवटपर्यंत कधी टिकतो?

या प्रश्नाचे उत्तर पायांत कमी आणि हिशेबात जास्त असते. गट तेव्हाच टिकतो, जेव्हा मागे त्याला पकडण्याची कोणालाच गरज वाटत नाही. सपाट टप्प्यात स्प्रिंटरांचे संघ पाठलाग करतात. मोठ्या घाटाच्या शेवटी एकूण क्रमवारीतल्या नेत्यांचे संघ करतात. पण मधले जे टप्पे आहेत, स्प्रिंटरांना जड आणि नेत्यांना हलके, तिथे पाठलाग करणारा कोणीच नसतो. शर्यतीचा तिसरा आठवडा आला की असे दिवस वाढतात, कारण तोवर अनेकजण एकूण क्रमवारीत तासाभराने मागे पडलेले असतात आणि त्यांना पुढे जाऊ देण्यात नेत्याचे काहीही जात नाही.

मोठा घाट असूनही कधी कधी गट टिकतो. २२ जुलै २०२५ चा व्हाँतूचा टप्पा घ्या. शेवटी १५.७ किलोमीटरचा ८.८ टक्के सरासरीचा चढ, म्हणून आमच्यातल्या बहुतेकांनी पोगाचार आणि विंगेगोर यांच्यावरच भर दिला होता. प्रत्यक्षात आधीपासून पुढे असलेल्या गटातला व्हॅलाँतँ पारे-पँत्र शिखरावर बेन हीलीला शेवटच्या मीटरांत मागे टाकून जिंकला, आणि त्या दोन दिग्गजांची झुंज त्यांच्या मागे चालली. कोणाच्या संघाने दिवसभर किती जोर लावला हे पाहिले असते, तर ही शक्यता दुपारीच दिसली असती.

दुसरे उदाहरण इटलीच्या शर्यतीचे, ३१ मे २०२५ चे. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट १८ किलोमीटरहून लांब, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, आणि माथ्याकडचा सुमारे ८ किलोमीटर रस्ता कच्चा. गुलाबी जर्सी, म्हणजे त्या शर्यतीतल्या एकूण क्रमवारीच्या नेत्याची जर्सी, इसाक डेल तोरोकडे होती. रिचर्ड कारापाझ दुसरा होता आणि सायमन येट्स तिसरा. येट्स निघाला, आणि मागे डेल तोरो व कारापाझ एकमेकांचे तोंड पाहत राहिले. पाठलागाचा भार दुसऱ्याने उचलावा असे दोघांनाही वाटत होते. पुढच्या गटात आधीच पाठवलेला येट्सचा सहकारी वाउट व्हान आर्ट घाट उतरल्यावर येट्सला भेटला आणि त्याने त्याला आडोसा दिला. येट्सने पूर्ण शर्यत जिंकली. टप्पा मात्र त्या दिवशी फार पूर्वीच पळालेल्या गटातल्या क्रिस हार्परने जिंकला. टप्पा आणि शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नवीन माणसाला याच दिवसावरून समजावतो. याच घाटावर २०१८ मध्ये येट्सने गुलाबी जर्सी गमावली होती, आणि असा इतिहास मनात घेऊन उतरलेल्या माणसाचा हेतू कोणत्याही आलेखात सापडत नाही.

वेळेच्या एकट्या शर्यतीचा अंदाज सोपा असतो का?

हो, सर्वांत सोपा. प्रत्येकजण एकटा निघतो, आडोसा नाही, डावपेच नाहीत. ९ जुलै २०२५ रोजी काँ शहरातील ३३ किलोमीटरची अशी शर्यत एव्हेनेपूलने जिंकली, तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही. दोन गोष्टी तेवढ्या तपासाव्यात. रस्ता सपाट आहे की चढाचा, आणि सकाळी व संध्याकाळी वारा किंवा पाऊस बदलणार आहे का, कारण शेवटी निघणाऱ्या नेत्यांना वेगळे हवामान मिळू शकते. धक्का बसतच नाही असे नाही. २०२० मध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी पोगाचारने रोग्लिचची ५७ सेकंदांची आघाडी पुसून टाकून शर्यत ५९ सेकंदांनी जिंकली, आणि तो दिवस अशाच वेळेच्या शर्यतीचा होता.

सट्ट्याचे ‘भाव’ म्हणजे काय, आणि त्यांतून काय कळते?

भाव हा कोणीतरी केलेला अंदाजच असतो, फक्त आकड्यात लिहिलेला. परदेशात तो दशांशात लिहितात. एखाद्याचा भाव ४ असेल तर एक भागिले चार, म्हणजे तो जिंकण्याची शक्यता २५ टक्के धरली आहे. भाव २० असेल तर ५ टक्के.

आता त्यातली मेख पाहू. समजा दोन सायकलपटूंपैकी पुढे कोण राहील यावर सट्टा आहे आणि दोघे अगदी तुल्यबळ आहेत. न्याय्य भाव दोघांचाही २ असायला हवा. पण लिहिलेला भाव असतो, उदाहरणार्थ, १.८५. त्यातून येणारी शक्यता प्रत्येकी ५४ टक्के, आणि बेरीज १०८. शंभराच्या वरचे हे आठ टक्के म्हणजे खायवाडी करणाऱ्याचा, म्हणजे सट्टा घेणाऱ्याचा, वाटा. शंभर रुपये लावणाऱ्याला निम्म्या वेळा १८५ मिळतात आणि निम्म्या वेळा शून्य, म्हणजे सरासरी साडेब्याण्णव. प्रत्येक शंभरामागे साडेसात रुपये जातात. २१ टप्प्यांवर रोज शंभर लावले तर २,१०० रुपयांतून सरासरीने १५७ रुपये ५० पैसे केवळ या रचनेमुळे जातात, तुमचा अंदाज कितीही मन लावून केलेला असो. टप्प्याच्या विजेत्यावरील सट्ट्यात तर शेकड्याहून अधिक नावे असतात, आणि हा वाटा त्या सगळ्या नावांत थोडा थोडा पेरलेला असल्यामुळे दिसतही नाही.

मग अंदाज पक्का असेल तर पैसे लावावेत का? कायदा काय सांगतो?

लावू नयेत. महाराष्ट्रात १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि गावात सट्टापट्टी घेणाऱ्यावर त्याच कायद्याने कारवाई होते. फोनवरच्या खेळांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवले जावोत की नशिबाचे, चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणे या कायद्याने बंद केले आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांचे जे दुवे फोनवर फिरतात, तेही याच बंदीत येतात.

कायदा नसता तरी माझे उत्तर बदलले नसते. आमच्या गावातील एका तरुणाने बियाण्यासाठी आणलेली पीककर्जाची रक्कम एका ॲपवर क्रिकेटच्या सट्ट्यात घालवली, आणि त्या वर्षी त्याच्या वावरात पेरणी उशिरा, उधारीच्या बियाण्यावर झाली. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर त्याच्या आईने आमच्या दाराशी येऊन, “सर, तुम्ही पोराले हिशेब शिकवला ना?” असे विचारले होते. त्या प्रश्नानंतर मी वरचे साडेसात रुपयांचे गणित शाळेतही शिकवू लागलो.

पैशांशिवाय तुम्ही अंदाज कसे खेळता?

चिंचोक्यांनी. प्रत्येकाला १०० चिंचोके मिळतात. आपल्या वेळेनुसार साधारण साडेचारला टप्पा सुरू होण्याच्या आत ते वेगवेगळ्या सायकलपटूंच्या नावाच्या चिठ्ठ्यांवर वाटून ठेवायचे. ज्यांची नावे घ्यायची नाहीत त्या सगळ्यांसाठी ‘इतर’ अशी एक चिठ्ठी असते. बक्षीस काहीही नाही. वावरात अडकलेला माणूस आपली वाटणी फोनवर सांगतो आणि कोणीतरी त्याचे ढीग मांडून ठेवतो.

आधी आम्ही विजेत्याच्या चिठ्ठीवर जितके चिंचोके तितके गुण देत होतो. पण मग सगळे हुशार लोक शंभरच्या शंभर एकाच नावावर ठेवू लागले, कारण त्या पद्धतीत तेच फायद्याचे होते, आणि खरे मत कोणी सांगेना. म्हणून नियम बदलला. विजेत्यावरील चिंचोक्यांची दुप्पट घ्यायची, आणि त्यातून प्रत्येक ढिगाच्या वर्गाची बेरीज भागिले शंभर वजा करायची. समजा तुम्ही ४०, ३०, २० आणि १० असे वाटले, आणि ४० वाला जिंकला. दुप्पट ८०. वर्गांची बेरीज १,६०० अधिक ९०० अधिक ४०० अधिक १००, म्हणजे ३,०००, भागिले शंभर ३०. गुण ५०. दहावाला जिंकला असता तर वीस वजा तीस, म्हणजे उणे १०. शंभरही एकावर ठेवले आणि तो जिंकला तर अधिक १००, हरला तर उणे १००. या पद्धतीत मनात जितकी खात्री असेल तितकेच चिंचोके ठेवणे सर्वांत फायद्याचे ठरते, हे दहावीच्या दोन मुलींनी फळ्यावर स्वतः करून दाखवले, आणि माझ्या नोकरीतल्या फार आनंदाच्या तासांपैकी तो एक होता.

उत्तेजकांच्या प्रकरणांमुळे हा सगळा अभ्यास व्यर्थ ठरत नाही का?

लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधील टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, आणि ते दुःख या खेळावर प्रेम करणाऱ्याला विसरता येत नाही. तरीही डोंगर तोच राहतो आणि वाराही तोच. आम्ही त्यांचाच अभ्यास करतो.

टप्पा सुरू होण्याआधीच्या शेवटच्या तासात काय पाहावे?

आज कोण निघालेच नाही याची यादी. यास्पर फिलिप्सन २०२५ च्या तिसऱ्या टप्प्यात पडून जायबंदी झाला आणि शर्यतीबाहेर गेला. चौथ्या दिवशी त्याच्या संघाची सगळी आखणी बदलली. पाऊस असेल तर उतारावर घाबरणारे कोण आणि निर्धास्त कोण हे आठवावे. काल विश्रांतीचा दिवस होता का, आणि उद्या मोठा घाट आहे का, हेही पाहावे. उद्या घाट असेल तर आज नेते स्वस्थ बसतात.

आदल्या रात्री मार्गच बदलला तर?

तर ढीग मोडून पुन्हा मांडावे लागतात. आमच्या पाहण्यात हे एकदाच घडले, आणि ते आमच्या गावाला फार जवळचे होते. २५ जुलै २०२५ चा ला प्लाञचा टप्पा आधी १३० किलोमीटरचा होता. आदल्या संध्याकाळी आयोजकांनी तो सुमारे ९५ किलोमीटरचा केला आणि सॅझी घाट वगळला, कारण त्या भागातील एका कळपात जनावरांचा त्वचेचा साथीचा आजार निघाला होता आणि ती जनावरे मारावी लागणार होती. फ्रेंच नाव कोणाला कळले नाही. मी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ओसरीवर एकदम शांतता झाली. तो लम्पी होता.

२०२२ मध्ये आमच्या गावानेही लम्पी पाहिला होता. माझ्या शेजाऱ्याचा पांढरा बैल, ज्याच्या मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गाठी आल्या होत्या, तो हळद-लिंबाच्या लेपाखाली गोठ्यात नऊ दिवस उभा होता आणि दहाव्या दिवशी बसला तो उठला नाही. त्यामुळे ज्या गावातल्या पशुपालकांची जनावरे जाणार होती त्या गावाच्या रस्त्यावरून वाजतगाजत शर्यत नेऊ नये, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

मार्ग आखूड झाल्यावर हिशेब बदलला. एक घाट कमी, म्हणजे नेते ताजे राहणार आणि पळालेल्यांना आघाडी घेण्यास जागा कमी. म्हणून जवळपास प्रत्येकाने ‘इतर’ची चिठ्ठी रिकामी करून पोगाचार आणि विंगेगोर यांचे ढीग वाढवले. हा विचार चुकीचा नव्हता. पण ते दोघे शेवटच्या चढावर एकमेकांकडे पाहत राहिले, थायमेन आरेन्समन त्यांच्यापासून निसटला आणि अवघ्या दोन सेकंदांनी वाचून जिंकला. शेजाऱ्यानेच तेवढे आरेन्समनच्या चिठ्ठीवर सहा चिंचोके ठेवले होते. सहा दिवसांपूर्वी सुपरबान्येअरचा डोंगराचा टप्पा त्याने जिंकला होता, एवढेच त्याचे कारण. त्याचे गुण तरीही उणेच आले.